मोटरहोमची मागची बॅटरी चार्ज होत नसेल, तर ती बदलण्याआधी काय तपासावे

जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचे मोटरहोम करून घेतलेल्यांची एक तक्रार काही वर्षांनी हमखास सुरू होते. दिवसभर गाडी चालवूनही रात्री मागचे दिवे मंदावतात आणि फ्रीज बंद पडतो. अशा वेळी नवी बॅटरी घालण्याचा सल्ला पहिल्यांदा मिळतो, पण तो घाईने मानू नये. मागच्या, म्हणजे हे दिवे आणि फ्रीज चालवणाऱ्या बॅटरीपर्यंत पुरेसा व्होल्टेज पोहोचतच नसेल, तर नवी बॅटरीही तशीच लवकर खराब होते. म्हणून व्होल्टेज नेमका कोठे कमी पडतो हे आधी शोधावे.

यासाठी एक चांगला डिजिटल मल्टीमीटर बहुतेक वेळा पुरतो. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा मीटर) आणणार असाल, तर तो डीसी करंट मोजतो याची खात्री दुकानातच करून घ्यावी, कारण स्वस्तातले अनेक क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात. कामाला हात लावण्यापूर्वी अंगठी व कडे काढून ठेवावे, बॅटरीचा खण उघडून हवा खेळू द्यावी, कारण चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन बाहेर पडतो, आणि वायर सोडवताना निगेटिव्ह टर्मिनल नेहमी आधी सोडवावे.

इंजिन, चार्जर, सोलर आणि मागचा सगळा लोड बंद ठेवून चार-पाच तासांनी मागच्या बॅटरीचा व्होल्टेज पाहावा. लेड-ॲसिड बॅटरी 12.7 व्होल्ट दाखवत असेल तर ती पूर्ण भरलेली असते, 12.2 च्या सुमारास निम्मी असते आणि 12 च्या बरीच खाली गेली तर जवळजवळ रिकामी असते. पूर्ण वेळ चार्जिंग करूनही ती 10.5 च्या आसपासच अडकत असेल तर एक सेल गेलेला असण्याची दाट शक्यता आहे, आणि मग पुढची तपासणी नवी बॅटरी बसवूनच करावी लागते.

त्यानंतर इंजिन सुरू करून पुढच्या, म्हणजे इंजिनच्या बॅटरीवर मोजावे. तेथे साधारण 14 ते 14.4 व्होल्ट मिळायला हवेत, 13.5 सुद्धा मिळत नसतील तर दोष डायनामोचा बेल्ट, ब्रश किंवा रेग्युलेटर यांत शोधावा. पुढे आकडा योग्य असून मागच्या बॅटरीचा आकडा जागचा हलत नसेल, तर फ्यूज उडालेला आहे किंवा दोन बॅटऱ्या जोडणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) लागत नाही. मागचा आकडा वाढतो पण पुढच्यापेक्षा अर्धा-एक व्होल्ट कमी राहतो, हा प्रकार मात्र सर्वांत फसवा असतो, कारण वरवर पाहता चार्जिंग चालू दिसते आणि बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही.

हा अर्धा व्होल्ट शोधण्याची पद्धत अशी आहे. मागची बॅटरी थोडी उतरलेली असावी, कारण करंट वाहत नसेल तर खराब जोडही निर्दोष दिसतो. इंजिन चालू असताना मीटरचे एक टोक रिलेच्या 30 क्रमांकाच्या टर्मिनलवर आणि दुसरे 87 वर ठेवावे. आकडा 0.1 व्होल्टच्या आत असेल तर रिले ठीक आहे, तो 0.4 किंवा 0.5 दिसला तर आतले पॉइंट जळालेले आहेत, मग रिलेचा ‘टक’ आवाज कितीही स्पष्ट येत असो. याच रीतीने फ्यूज होल्डर आणि प्रत्येक थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा जोड) तपासावे. शेवटी एक टोक मागच्या बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरे डायनामोच्या बॉडीवर ठेवून अर्थिंग पाहावे. पावसाळ्यात ताम्हिणीतून कोकणात जा-ये करणाऱ्या गाड्यांत चेसिसवरचा अर्थिंगचा बोल्ट गंजलेला असण्याचा संभव मोठा असतो, तरीही तोच तपासायचा राहून जातो. तो सोडवून, खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून, घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेली लावावी.

सगळे जोड चांगले निघाले तर केबलची जाडी पाहावी. 6 चौरस मिलिमीटरच्या 6 मीटर तांब्याच्या केबलमध्ये 30 अँपिअर करंटला सुमारे अर्धा व्होल्ट जातो, तर 16 चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये तो 0.2 च्या आत राहतो. घरच्या विजेवर चालणारा जुना चार्जर 13.6 ते 13.8 व्होल्टवरच थांबत असेल तर तोही बदलावा, कारण सतत अर्धवट भरलेल्या बॅटरीत सल्फेशन होते, म्हणजे प्लेट्सवर सल्फेटचा थर साचतो. अर्थात सर्व काही ठीक असले तरी निम्मी उतरलेली बॅटरी पुण्याहून लोणावळ्यापर्यंतच्या प्रवासात भरत नाही. लेड-ॲसिडच्या चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यालाच कित्येक तास लागतात.

हे सगळे दुरुस्त झाल्यावरच बॅटरीचा निर्णय घ्यावा. 100 अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण भरून, सगळे चार्जिंग बंद करून तिच्यावर 5 अँपिअरचा लोड लावावा. 10 तासांच्या आतच ती 11.8 व्होल्टच्या खाली गेली तर तिची क्षमता बरीच घटलेली आहे आणि ती बदलणे योग्य ठरेल. त्या जागी लिथियम घालायची असेल, तर ती जुन्या रिलेवर थेट जोडू नये. ती डायनामोकडून एकदम फार मोठा करंट ओढते, त्यामुळे मध्ये करंट मर्यादेत ठेवणारा डीसी-टू-डीसी चार्जर बसवावा.