अडुळशाच्या रसाने सुटलेला माझा कफ

गेल्या पावसाळ्यात सर्दी ओसरल्यावरही माझ्या छातीतला कफ सुटत नव्हता आणि रात्री खोकल्याने झोप मोडत असे. एक्स-रे स्वच्छ आल्यानंतर वैद्यांच्या सल्ल्याने मी परसातल्या अडुळशाकडे वळलो.

पहिला प्रयत्न फसला, कारण ताजी पाने कितीही वाटली तरी रस जेमतेम चमचाभर निघाला. आयुर्वेदात यासाठी पुटपाकाची, म्हणजे वाटलेल्या पानांचा गोळा पानांत गुंडाळून, मातीचा लेप देऊन विस्तवात भाजून मग रस पिळण्याची रीत आहे. तिचा घरगुती पर्याय म्हणून आठ-दहा पाने मोदकपात्रात १० मिनिटे वाफवून, वाटून फडक्यातून पिळली, तेव्हा रस सहज मिळाला. तो थंड झाल्यावर दोन चमचे रसात एक चमचा मध घालून मी दिवसातून दोनदा घेतला (कडूपणाची सवय मात्र शेवटपर्यंत झाली नाही). तिसऱ्या दिवशी कफ पातळ होऊन सुटू लागला आणि आठवड्याभरात झोप पूर्ववत झाली. या पानांतील व्हॅसिसिन या अल्कलॉइडवरूनच ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध विकसित झाले, त्यामुळे हा गुण मला केवळ ऐकीव वाटत नाही. मात्र व्हॅसिसिनमुळे गर्भाशयाचे आकुंचनही वाढते, म्हणून गर्भवतींनी हा रस टाळावा. कफात रक्त दिसल्यास कोणीही आधी डॉक्टरांकडे जावे.