बँकेत जाण्याआधी कोणती यादी बघाल?

सरकारी सुट्ट्यांवरून बँकेचा अंदाज बांधू नका. महाराष्ट्रात शासकीय कार्यालयं सगळेच शनिवार बंद असतात. बँका मात्र फक्त दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी. उलट १ एप्रिलला सरकारी कामकाज सहसा चालू असतं, पण वार्षिक हिशेबांमुळे बँकेत ग्राहकांचं काम होत नाही. हा दिवस हमखास विसरला जातो!

बँकांच्या सुट्ट्या राज्यागणिक वेगळ्या असतात. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर मुंबई, बेलापूर, नागपूर अशा नोंदी आहेत, त्यातली आपली बघा. यूपीआय, एनईएफटी, आरटीजीएस सुट्टीतही चालतं. अडतं ते लॉकर आणि डिमांड ड्राफ्टचं काम. ड्राफ्ट हवा असेल आणि पुढे सलग सुट्ट्या दिसत असतील, तर शेवटच्या तारखेची वाट न बघता आधीच जाऊन या.