ऑब्जेक्टची अ‍ॅट्रिब्यूट वाचताना या चुका टाळा

पायथन शिकलेला प्रत्येक जण कधी ना कधी 'कुठल्याही ऑब्जेक्टचं जेसन बनवणारं' फंक्शन लिहितोच; जेसन म्हणजे डेटा साठवायचा-पाठवायचा मजकुरी साचा. डिरवर (ऑब्जेक्टच्या अ‍ॅट्रिब्यूटची, म्हणजे त्याला जोडलेल्या गोष्टींची, नावं देणारं फंक्शन) लूप, आत गेटअ‍ॅटर (नावावरून अ‍ॅट्रिब्यूट वाचणारं), चार ओळींत काम फत्ते. रिव्ह्यूला पाठवताना वर टीप असते, 'आता नवीन क्लास आला तरी हात लावायला नको.' मला या वाक्याचीच धास्ती वाटते.

डिर तुम्हाला फक्त डेटा देत नाही. मेथड, प्रॉपर्टी, वरच्या क्लासकडून आलेलं सगळं त्यात असतं. आणि प्रॉपर्टी दिसते साध्या अ‍ॅट्रिब्यूटसारखी, पण ती वाचणं म्हणजे कोणीतरी लिहिलेला कोड चालवणं. एका टीमच्या सिस्टिममधून युजर अधूनमधून आपोआप लॉगआउट व्हायचे. शोध घ्यायला डीबग लॉग चालू केला, तर तक्रारी कमी व्हायच्या सोडून वाढल्या. सगळे नेटवर्कला शिव्या देत बसले. शेवटी सापडलं ते असं: लॉगर सेशन ऑब्जेक्टचं प्रत्येक अ‍ॅट्रिब्यूट वाचून छापायचा, आणि त्यात टोकन (लॉगिनचा पुरावा असलेली गुप्त खूण) नावाची एक प्रॉपर्टी होती. ती वाचली की नवं टोकन बने आणि जुनं रद्द होई. आधी फक्त एरर आल्यावर हे व्हायचं, डीबग लावल्यावर प्रत्येक रिक्वेस्टला. वर ते नवंकोरं टोकन लॉगमध्ये उघडं पडलेलं, ते वेगळंच. असली प्रॉपर्टी लिहिणाऱ्याचाही कान धरायला हवा, पण न विचारता सगळी दारं ठोठावत फिरणारा लूप जास्त दोषी.

'मी आधी हॅजअ‍ॅटरने तपासतो' हा बचाव चालत नाही. अ‍ॅट्रिब्यूट आहे का ते सांगणारं हॅजअ‍ॅटरही प्रॉपर्टी चालवतंच. शिवाय प्रॉपर्टीच्या आत कुठे अ‍ॅट्रिब्यूट-एरर आली तर ते गुपचूप 'नाही' म्हणतं आणि फील्ड जेसनमधून गायब. नुसतं बघायचंच असेल तर इन्स्पेक्ट मॉड्यूलमधलं गेटअ‍ॅटर-स्टॅटिक वापरा; ते प्रॉपर्टी न चालवता ती जशी आहे तशी हातात देतं.

मग लोक व्हार्सकडे वळतात; ते ऑब्जेक्टचा डिक्ट, म्हणजे त्याची अ‍ॅट्रिब्यूट ठेवणारी डिक्शनरी, देतं. स्लॉट्सवाल्या (अ‍ॅट्रिब्यूटची नावं आधीच ठरवून दिलेल्या) क्लासला डिक्टच नसतो, तिथे टाइप-एरर. दोन अंडरस्कोरची नावं क्लासचं नाव चिकटून बाहेर येतात. एसक्यूएलअल्केमी या डेटाबेस लायब्ररीच्या ऑब्जेक्टमधून त्याची अंतर्गत स्टेटही येते. सगळ्यात छळवादी कॅश्ड-प्रॉपर्टी (एकदाच मोजून उत्तर जपून ठेवणारी): पायथन ३.८ पासून फंक्टूल्स मॉड्यूलमध्ये आहे, आणि पहिल्यांदा वाचली की व्हॅल्यू डिक्टमध्ये जाऊन बसते. त्यामुळे तोच ऑब्जेक्ट, पण आधी कोणी ती वाचली का यावर जेसन बदलतं. टेस्ट एकटी चालवली की पास, सगळ्यांबरोबर चालवली की फेल.

मी क्लासमध्येच बाहेर जाणाऱ्या फील्डची यादी हाताने लिहितो. कंटाळवाणं आहे, पण उद्या कोणी पासवर्डचा हॅश ठेवणारं फील्ड वाढवलं तर ते आपोआप बाहेर जात नाही. डेटाक्लास (मुख्यतः डेटा ठेवायला बनवलेला क्लास) असेल तर फील्ड्सवर लूप चालतो, पण तिथेही 'हे जाऊ दे' अशी खूण मेटाडेटात असलेलीच फील्ड घेतो. डेटाक्लासचा डिक्ट बनवणाऱ्या अ‍ॅझडिक्टवर डोळे झाकून विसंबू नका: ते आतल्या गोष्टींची डीपकॉपी, म्हणजे आतपर्यंत पूर्ण नक्कल, करतं, आणि आत एखादा थ्रेडचा लॉक असला तर तिथेच कोसळतं.

जेसनच्या डिफॉल्टला (अनोळखी टाइपचं काय करायचं ते सांगणारा पर्याय) एसटीआर, म्हणजे सरळ स्ट्रिंग करणारं फंक्शन, देऊन तारखा 'सोडवणारे' वेगळेच. एरर थांबते, पण परत वाचताना हातात तारीख नाही, स्ट्रिंग येते. तारखेसाठी आयसोफॉरमॅट लिहा (वाचताना तीही स्ट्रिंगच येते, तिची तारीख परत आपणच करायची), बाकी अनोळखी टाइप आला तर एरर येऊ द्या.