कॉलेज फुटबॉलच्या तिकीट ऑफिसात नव्याने येणाऱ्यांसाठी

मी कोल्हापूरची. लहानपणी वडील शाहू स्टेडियमवर न्यायचे. पाटाकडील, प्रॅक्टिस, दिलबहार, खंडोबा अशा गावातल्या फुटबॉल संघांमधला कुठलाही सामना असला, की पेठाच्या पेठा तिथे लोटायच्या. पोरं झेंडे घेऊन यायची आणि हलगी दुपारपासूनच सुरू व्हायची. त्यामुळे स्पोर्ट मॅनेजमेंटच्या मास्टर्सला अमेरिकेत आले आणि विद्यापीठाच्या ॲथलेटिक्स विभागात, तिकीट ऑफिसात ग्रॅज्युएट असिस्टंटची, म्हणजे शिकताशिकता काम करायची जागा मिळाली, तेव्हा स्टेडियम भरायला वेगळं काही करावं लागतं हेच मला ठाऊक नव्हतं. आता दोन सीझन काढलेत. या कामाला येऊ पाहणारे मराठी विद्यार्थी मला अधूनमधून मेसेज करतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

इथलं फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचं, हेल्मेटवालं. सीझन ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर. नियमित सामने १२, त्यातले घरच्या मैदानावर साधारण सहा-सात. म्हणजे वर्षभराचं तिकिटांचं उत्पन्न त्या सहा-सात दिवसांवर. एक शनिवार पावसात गेला, तर तो भरून काढायला दुसरा मिळत नाही.

टीव्हीवर आपण ॲन आर्बरमधलं, मिशिगन विद्यापीठाचं मिशिगन स्टेडियम बघतो. क्षमता १,०७,६०१. कोविडचं २०२० साल सोडलं तर १९७५ पासून तिथल्या प्रत्येक घरच्या सामन्याला लाखावर माणूस असतं. नेब्रास्का विद्यापीठात १९६२ पासून प्रत्येक सामना हाउसफुल्ल. हे बघून आलात तर आधी एक ध्यानात घ्या, नवख्याला काम मिळतं ते बहुधा अशा ठिकाणी नाही. मला मिळालं ते मिड-अमेरिकन कॉन्फरन्समधल्या (कॉन्फरन्स म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) एका मध्यम विद्यापीठात. मिशिगन, ओहायो स्टेटसारखे दिग्गज गाडीने जाण्याच्या अंतरावर, आणि आसपासच्या घराघरांत टीशर्ट त्यांचेच.

पहिल्याच आठवड्यात माझ्या वरिष्ठांनी प्रेक्षकसंख्येचे दोन आकडे समोर ठेवले. एक वर्तमानपत्रात गेलेला, म्हणजे विकलेली आणि वाटलेली तिकिटं. दुसरा गेटवर स्कॅन झालेला. दोन्हींत इतकी तफावत होती की मला आधी टायपिंगची चूक वाटली. ती चूक नव्हती. वॉल स्ट्रीट जर्नलने २०१८ मध्ये देशभरातल्या विद्यापीठांचे आकडे ताडून पाहिले, तेव्हा प्रत्यक्ष आलेली माणसं जाहीर आकड्याच्या सरासरी ७१ टक्केच निघाली. याला एक जुनं कारणही होतं. वरच्या विभागात टिकायचं तर दोन वर्षांतून एकदा तरी घरच्या सामन्यांची सरासरी १५,००० भरली पाहिजे, असा एनसीएएचा, म्हणजे कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या संस्थेचा, नियम होता, आणि त्यात आलेल्या माणसांऐवजी विकलेली तिकिटं दाखवलेलीही चालायची. मग काही ठिकाणी प्रायोजक कंपन्या गठ्ठ्याने स्वस्त तिकिटं उचलायच्या. आता तो नियम गेला, सवय मात्र राहिली. तुम्ही रुजू झालात की स्कॅनचा अहवाल मागा, आणि तोही वेळेनुसार. किकऑफच्या आधी किती आले, पहिल्या क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या पहिल्या पाव भागात किती, कुठल्या गेटने. खरं काम तिथून सुरू होतं.

पहिल्या वर्षी आम्ही गावातल्या शाळांना फुकट तिकिटं वाटली, पुष्कळ वाटली. त्या शनिवारी सकाळपासून रिपरिप होती आणि त्यातली अगदी मोजकी स्कॅन झाली. फुकटचं तिकीट ड्रॉवरमध्येच राहतं, कारण न गेल्याने कुणाचं काही बिघडत नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही त्याच शाळांच्या गायनवृंदांना हाफटाइमला मैदानावर गायला बोलावलं. मुलांना प्रवेश फुकट, घरच्यांना सवलतीत तिकीट. एका मुलामागे आई, बाबा, आजी, धाकटी भावंडं, सगळं बिऱ्हाड! त्या दिवशीही हवा वाईटच होती. पण नातवंड गाणार म्हटल्यावर आजी रेनकोट घालून बसल्या. गटविक्री हा या ऑफिसातला सगळ्यात कष्टाचा विभाग. जाहिरातीपेक्षा फोन जास्त, आणि फोनपेक्षा शाळेत जाऊन संगीतशिक्षकांना भेटणं जास्त. नवख्याने सुरुवात इथेच करावी असं माझं ठाम मत आहे.

फोनचंच सांगते. ज्यांनी सीझन तिकीट बंद केलं त्यांची यादी माझ्याकडे होती, आणि वाचायला एक छापील मजकूर. संघ सुधारलाय, नवा कोच आलाय वगैरे. एका आजोबांनी तो निम्मा ऐकला आणि म्हणाले, ‘बाळ, संघाचं काही नाही, मी हरतानाही आलोय. माझी सीट एकतिसाव्या रांगेत आहे आणि मधे धरायला कठडा नाही.’ गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तीस वर्षांपासूनची जागा, सोडायला मन होत नव्हतं आणि चढवतही नव्हतं. मी कागद बाजूला ठेवला, नकाशा उघडला आणि रॅम्पजवळची, कडेची दोन आसनं शोधली. त्यांच्या जुन्या मित्राची जागाही त्यांच्या शेजारी आणली. काम वीस मिनिटांचं. त्यानंतर मी मजकूर वाचणं सोडून दिलं. आधी एवढंच विचारायचे, ‘शेवटचे आलात तेव्हा दिवस कसा गेला?’ पार्किंग, स्वच्छतागृहाची रांग, उन्हात तापणारा ॲल्युमिनियमचा बाक, मागे बसून शिव्या देणारं टोळकं. हरण्याचं कारण फार थोड्यांनी दिलं.

आता माझ्या हातून झालेली चूक. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी सामन्यांना येतच नाहीत हे मला खटकायचं. आमच्याकडे विद्यार्थ्यांचं तिकीट फीमध्येच धरलेलं, म्हणजे पैशाचाही प्रश्न नाही. मी वसतिगृहात अर्ध्या तासाचा वर्ग घेतला. चार डाउन म्हणजे काय, दहा यार्ड कशासाठी, टाळ्या कधी वाजवायच्या. भारतीय, नेपाळी, नायजेरियन अशी मुलं मनापासून तयार झाली. शनिवारी सगळी लायब्ररीतून, लॅबमधून थेट गेटवर आली, पाठीवर बॅगा घेऊन. आत फक्त पारदर्शक प्लास्टिकची पिशवी चालते, १२ बाय ६ बाय १२ इंचांची. हा नियम मला इतका पाठ होता की सांगायचंच राहून गेलं. निम्मी मुलं गेटवरून परत गेली. लॅपटॉप कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवून कोण आत येईल? नागपूरची एक मुलगी मला म्हणाली, ‘ताई, आम्हाला बोलावून परत पाठवलंत.’ ते मला अजून लागतं. पुढच्या सामन्याला आम्ही शेजारच्या इमारतीत बॅगा ठेवायला खोली उघडून घेतली आणि वसतिगृहापासून सगळ्यांना एकत्र चालत नेलं. परत गेलेल्यांपैकी बरीच जणं आली, सगळी नाही.

आमच्या कॉन्फरन्सचे नोव्हेंबरमधले सामने मंगळवारी-बुधवारी रात्री होतात. तेव्हा देशभरात दुसरं कॉलेज फुटबॉल फारसं नसतं, त्यामुळे टीव्हीवर जागा मिळते. त्याला लाडाने मॅक्शन म्हणतात, कॉन्फरन्सचं ‘मॅक’ आणि ‘ॲक्शन’ जोडून. टीव्हीला ते हवं असतं, पण थंडीत, दुसऱ्या दिवशी शाळा-ऑफिस असताना माणूस आणणं आपल्यावर येतं. मोठ्या कॉन्फरन्समध्ये अडचण वेगळी. बऱ्याच सामन्यांची वेळ १२ दिवस आधी ठरते, कधी सहाच दिवस आधी. चार तास गाडी चालवून येणाऱ्या माजी विद्यार्थ्याने हॉटेल कधी घ्यायचं? आमच्यासारख्या मंगळवार-बुधवारच्या रात्रींसाठी लांबच्या लोकांच्या मागे लागू नका. पंधरा मिनिटांत पोहोचणारे धरा. वसतिगृहातली मुलं, परिचारिका, अग्निशमन दल, युवा संघ. आणि गरम कोकोचा स्टॉल गेटच्या आत पहिल्या वळणावरच हवा.

विद्यार्थी शेवटपर्यंत थांबत नाहीत, ही तक्रार अलाबामासारख्या बलाढ्य संघाच्या मैदानावरही आहे. त्यांनी २०१९ मध्ये ॲप आणलं. चौथ्या क्वार्टरपर्यंत थांबलात तर गुण, आणि गुणांवर मोठ्या सामन्यांच्या तिकिटांत अग्रक्रम. आयोवा विद्यापीठात २०१७ पासून वेगळंच काही सुरू झालं. पहिला क्वार्टर संपला की किनिक स्टेडियममधले सगळे प्रेक्षक शेजारच्या बालरुग्णालयाकडे वळून हात हलवतात, आणि वरच्या मजल्यांवरून आजारी मुलं परत हात हलवतात. कल्पना एका चाहतीने सुचवली होती, मार्केटिंगने नाही. मला आयोवाचा रस्ता जवळचा वाटतो. आपल्या ऑफिसने अशा गोष्टी शोधायच्या, सापडल्या की त्यांना वेळ आणि जागा करून द्यायची आणि प्रायोजकाचं नाव चिकटवायची घाई करायची नाही.

आता व्यवहाराचं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. सामन्याचा एकच दिवस दहा-बारा तास खातो, तेव्हा उरलेल्या आठवड्याचे तास आधीच लिहून वरिष्ठांना द्या. संकोच करू नका, चूक झाली तर व्हिसा आपला जातो. स्पोर्ट मॅनेजमेंटच्या बहुतेक पदव्या स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत मोडत नाहीत, त्यामुळे ओपीटी, म्हणजे पदवीनंतर काम करण्याची परवानगी, १२ महिन्यांचीच. हे प्रवेश घेण्याआधी घरच्यांशी नीट बोला. विद्यापीठं एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक कोट्याबाहेर असतात, म्हणून ॲथलेटिक्स विभागात पूर्णवेळ नोकरी मिळाली तर लॉटरी टळते, पण प्रायोजित करायला तयार असलेले विभाग कमी. पहिल्याच मुलाखतीत विचारून घ्या. तिकिटांचं सॉफ्टवेअर बऱ्याच ठिकाणी पॅसिओलन आहे. ते इथे आल्यावर शिकवतात. एक्सेल मात्र पक्कं करून या.

आणि जिथे अर्ज करताय, तिथला एखादा सामना जमलं तर विद्यार्थ्यांच्या भागात बसून बघा. मुलाखतीत मला विचारलं होतं, आमच्या स्टेडियमबद्दल काय खटकलं? मी म्हटलं, दक्षिणेच्या गेटवर चारपैकी दोनच रांगा उघड्या होत्या, आणि बँडचं पहिलं गाणं मी बाहेर उभी राहून ऐकलं.