टाऊन हॉल म्युझियममधली शस्त्रं कशी पाहावीत

कोल्हापुरातलं, सीपीआर रुग्णालयासमोरचं टाऊन हॉल म्युझियम बरेच जण वीस मिनिटांत उरकतात. दीड तास काढून जा, सोमवार टाळा. फोटोची परवानगी तिकीट काढतानाच विचारा. काचेतून फोटो घेताना फ्लॅश बंद ठेवा आणि मोबाइल काचेला टेकवा; पांढऱ्या शर्टाचं प्रतिबिंब हमखास येतं.

आधी ब्रह्मपुरीच्या वस्तू पाहा. पंचगंगेकाठच्या या टेकाडावर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं. इथला पोसायडनचा छोटा ब्राँझ पुतळा रोमन व्यापाराची खूण आहे. ब्राँझवर चढलेला थर लक्षात ठेवा. पुढे कुठल्याही तोफेवर तसा हिरवट थर दिसला तर ती तांब्याच्या मिश्रधातूची. तांबूस पोपडे निघत असतील तर लोखंडी. तोफेला रंग फासलेला असेल तर मात्र ही परीक्षा फसते.

बंदुकीची नळी नंतर पाहा, कळ (बार उडवणारी यंत्रणा) आधी. नागमोडी चिमट्यात जळती वात धरायची सोय असेल तर ती तोड्याची. चापाच्या जबड्यात गारेचा तुकडा आणि समोर उभी पोलादी पट्टी असेल तर चकमकीची. चाप हातोडीसारखा, खाली बारीक पोकळ बोंडी, म्हणजे टोपीची: बोंडीवर बसवलेली स्फोटक टोपी चाप आपटला की पेटते. घोळ होतो तो बदलून घेतलेल्या बंदुकांचा: चकमकीच्या कितीतरी बंदुका पुढे टोपीवर आणल्या गेल्या. कळीच्या पट्टीवर बुजवलेली भोकं दिसली की समजा.

तलवारीच्या पात्यावरचे नळ, म्हणजे लांब खाचा, रक्त वाहून जायला असतात, ही निव्वळ थाप. नळामुळे पातं हलकं होतं, ताठपणा मात्र फारसा जात नाही. मूठ देशी, पातं सरळ आणि मुठीजवळ ठसे दिसले तर पातं युरोपातून आलेलं असू शकतं. त्याला फिरंग म्हणतात.

न्यू पॅलेसचा शस्त्रसंग्रह त्याच दिवशी नको, डोळे थकतात. त्याऐवजी वीसेक किलोमीटरवर पन्हाळ्याला जा. गडमाथ्यावरचा तांबडा, भोकाभोकांचा जांभा पाहा. सह्याद्रीत अशा दगडातलं लोखंड धावड लोक कोळशाच्या भट्टीत गाळत. राधानगरी-शाहूवाडीकडच्या सड्यांवर (डोंगरमाथ्यावरच्या सपाट पठारांवर) जांभ्याच्या सोबतीनंच बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज, सापडतं: रंगानं फिकट, अनेकदा आत वाटाण्याएवढे गोळे. बॉक्साइटच्या खाणीत परवानगीशिवाय शिरू नका. पावसाळ्यात कडा ढासळतात.