एकच सूचना, दहा देशांतले कर्मचारी

मुख्यालयात लिहिलेली सूचना जशीच्या तशी भाषांतराला पाठवू नका. आधी तिचे दोन भाग पाडा. निर्णय, आकडे, तारखा आणि कायदेशीर शब्द हा पक्का भाग. त्याला कुणी हात लावायचा नाही. सुरुवात, सूर, उदाहरणं, कुणाच्या सहीने जायचं, हा सैल भाग. तो त्या त्या देशातल्या कार्यालयाने ठरवायचा. ही वाटणी लेखी हवी. नाहीतर कुणीतरी सूर मवाळ करता करता मुदतच मवाळ करून टाकतं.

पक्क्या भागात घात होतो तो क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींनी. 03/04 म्हणजे अमेरिकेत 4 मार्च, ब्रिटनमध्ये 3 एप्रिल. म्हणून महिना अक्षरांत लिहा. जर्मनीत 1.500 म्हणजे दीड हजार. अमेरिकेतली घड्याळं उन्हाळ्यासाठी मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे सरकतात, युरोपातली शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत दर सोमवारची बैठक कुणाची तरी हमखास चुकते, तेव्हा वेळेसोबत युटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, द्याच.

इंग्रजी सगळ्यांना येतं, या भरवशावरही राहू नका. प्रस्ताव ‘टेबल’ करणं म्हणजे ब्रिटनमध्ये चर्चेला घेणं, अमेरिकेत बाजूला ठेवणं! जपानच्या राकुतेन या ऑनलाइन विक्रीच्या कंपनीने इंग्रजी ही कामकाजाची भाषा 2010 मध्ये जाहीर केली, पण पूर्ण अंमल 2012 मध्ये. तेवढा अवधी लागतोच.

खरी अडचण उत्तराची. बैठकीत जपानी सहकारी ‘हाय’ (जपानीत ‘हो’) म्हणाला, तर त्याचा अर्थ बरेचदा ‘ऐकतोय’ एवढाच असतो; मान्यता गृहीत धरू नका. तिथे बैठकीआधी एकेकाशी बोलून मत आजमावण्याची रीत आहे, नेमावाशी. तुम्हीही मसुदा स्थानिक व्यवस्थापकांना किमान दोन दिवस आधी द्या. ‘समजलं का?’ विचारलंत की सगळीकडून ‘हो’ येतं. त्याऐवजी विचारा, ‘1 तारखेपासून तुमच्या टीमच्या कामात काय बदलेल? दोन ओळींत लिहा.’ चुकीचं समजलेलं तिथेच उघडं पडतं, आणि दुरुस्तीला वेळही उरतो.

पाठवण्याचा दिवस मंगळवार किंवा बुधवार ठेवा. सौदी अरेबियात शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, अमिरातीत मात्र 2022 पासून शनिवार-रविवार. शुक्रवारी पाठवलेली सूचना काहींना थेट सुट्टीतच मिळते आणि रविवारी त्यांच्या शंकांना उत्तर द्यायला मुख्यालयात कुणी नसतं.