मॅपवर काहीतरी विचित्र दिसलं? आधी हे करून बघा

सॅटेलाइट व्ह्यूमध्ये दरीत लोंबकळणारा पूल नाहीतर रंगीबेरंगी विमान दिसलं की लोक लगेच स्क्रीनशॉट काढून एलियनपर्यंत पोचतात. थांबा जरा. आधी एवढंच बघा की ती वस्तू हलणारी आहे, उंच आहे, का दोन फोटोंच्या जोडावर आलीये.

विमानाचं आधी घेऊ, कारण मला तेच सगळ्यात भारी वाटतं. फुल झूम करा, एका विमानाला चिकटून त्याचीच लाल, हिरवी, निळी भुतं ओळीने दिसतील. बऱ्याच सॅटेलाइटच्या कॅमेऱ्यात प्रत्येक रंगाच्या सेन्सरची पट्टी वेगळी असते आणि त्या एकामागून एक तीच जागा टिपतात, फरक सेकंदापेक्षाही कमी, जमीन काय जागची हलत नाही म्हणून तिचे रंग एकमेकांवर नीट बसतात पण विमान तेवढ्यात पुढे सटकलेलं असतं. खात्री करायचीये तर विमानतळावर उभी असलेली विमानं बघा, तिथे ही भुतं नसतात.

वितळलेला पूल दिसला तर टिल्ट (तिरका व्ह्यू) काढून बरोब्बर वरून बघा. सरळ झाला ना? थ्रीडीमध्ये आधी जमिनीच्या उंचसखलपणाचा सांगाडा असतो आणि त्यावर फोटो चादरीसारखा अंथरतात, सांगाड्याला दरी माहितीये, पूल माहीत नाही, मग पुलाचा फोटो दरीत उतरणारच.

शेजारशेजारच्या बिल्डिंगा विरुद्ध बाजूंना कलल्यात, किंवा गाडी अर्धीच आहे? तो वेगवेगळ्या तारखांच्या दोन फोटोंचा जोड. गूगल अर्थ प्रोमध्ये जुन्या इमेजरीचा स्लायडर सरकवून तारखा बघा, दुसऱ्या तारखेला बहुतेक सगळं जागेवर असतं.

डोंगर खड्ड्यासारखा दिसत असेल तर मॅप १८० अंशात फिरवा. आपला मेंदू उजेड वरूनच येतो असं धरून चालतो, आणि उत्तर गोलार्धात बहुतेक ठिकाणी ऊन दक्षिणेकडून म्हणजे मॅपच्या खालून येतं, म्हणून ही गफलत.

समुद्रतळावरच्या सरळ रेषा बघून २००९ मध्ये अटलांटिस (दंतकथेतलं समुद्रात बुडालेलं बेट) सापडलं म्हणून केवढा गोंधळ झाला होता, निघाल्या सोनार (आवाजाच्या लहरींनी समुद्राची खोली मोजायचं यंत्र) लावून फिरलेल्या जहाजांच्या वाटा!

आणि हो, सापडलं की कोऑर्डिनेट्स (अक्षांश-रेखांश) लगेच लिहून ठेवा, इमेज अपडेट झाली की ते विमान गायब.